पक्षाघातानंतर गेलेली वाचा : केवळ जिभेचे व्यायाम पुरेसे आहेत का?

लालबागकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद झाली होती, असे डॉक्टरांनी सांगितले. उजवा हात अजून लुळा आहे. पायात मात्र बरीच सुधारणा असून काठीच्या आधाराने ते चाळीच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारतात. खरी अडचण बोलण्याची आहे. गेले चार महिने त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो आणि तो म्हणजे "बघा". चहा हवा असला तरी "बघा", पंखा बंद करायचा असला तरी "बघा", आणि आपले म्हणणे आम्हाला उमगले नाही असे दिसले की तोच शब्द चढत्या आवाजात तीन-चार वेळा. आम्ही काय बोलतो ते त्यांना बहुतांशी समजते, असे आमचे निरीक्षण आहे.

वडिलांची सारी नोकरी गिरगावातल्या एका छापखान्यात झाली. आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपॉझिटर आणि खिळ्यांचा जमाना संपल्यावर मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या लेखनातल्या वेलांट्या आणि रफार दुरुस्त करण्यावर आमचे घर चालले, एवढ्यावरून त्यांची आताची तगमग आपल्या लक्षात येईल.

रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला एक छापील कागद दिला गेला होता. जीभ बाहेर काढून डावीकडे-उजवीकडे फिरवणे, गाल फुगवणे, ओठांचा चंबू करणे, मेणबत्ती विझवणे, असे व्यायाम दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटे करावेत, असे त्यावर लिहिले आहे. आम्ही ते एक दिवसही चुकवलेले नाहीत. वडिलांची जीभ आता माझ्या जिभेपेक्षा लवचीक झाली असेल, परंतु शब्द काही येत नाहीत.

त्यातच गणपतीत एक विलक्षण गोष्ट घडली. चाळीतल्या आरतीला आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून नेले होते. सगळ्यांनी आरती सुरू करताच वडिलांनी पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत शब्दन् शब्द म्हटला, आणि तोही स्पष्ट. आईला रडू आवरेना. आरती संपल्यावर मी विचारले, "बाबा, प्रसाद देऊ?" तर उत्तर आले, "बघा". तेव्हापासून आमचे काका सांगत सुटले आहेत की दादाला बोलता येते, तो हट्टाने बोलत नाही. यामागचे कारण काय असावे? आमचे व्यायाम कोठे चुकत आहेत? आणि सहा महिन्यांत जे येईल तेच येईल, पुढे काही सुधारत नाही, असे जे सांगितले जाते ते खरे आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाचोपचारक, परळ

आपल्या वडिलांना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नव्हे. परंतु आपण इतके नेमके वर्णन केले आहे की काही गोष्टी नक्की सांगता येतील, आणि त्यातली पहिली गोष्ट काकांसाठी आहे. हा हट्ट नाही.

पक्षाघातानंतर बोलणे तीन निरनिराळ्या ठिकाणी अडते. वडिलांच्याच व्यवसायाच्या भाषेत मांडतो. कंपॉझिटरला हव्या त्या अक्षराचे घर केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, सापडेनासे झाले, तर तो अफेजिया, म्हणजे वाचाघात. मनात आशय आहे, पण त्याचा शब्द हाती येत नाही. खिळे हाती आले पण स्टिकवर, म्हणजे जुळणीच्या पट्टीवर, लावताना त्यांचा क्रम बिघडतो आहे, दर वेळी वेगळी चूक होते आहे, तर तो अप्रॅक्सिया. येथे ओठ आणि जीभ सशक्त असूनही त्यांच्या हालचालींची आखणी बिनसलेली असते, आणि माणूस चाचपडत तोंड वेडेवाकडे करताना दिसतो. आणि जुळणी बिनचूक असूनही यंत्राचा दाब कमी पडल्यामुळे छपाई पुसट उठते आहे, तर तो डिसआर्थ्रिया. त्यात शब्द आणि व्याकरण शाबूत असते; स्नायू दुबळे झाल्यामुळे उच्चार बोजड होतो. एकाच रुग्णात यातल्या दोन किंवा तिन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. आपल्या वडिलांच्या बाबतीत वाचाघात प्रमुख दिसतो आणि त्याच्या जोडीला अप्रॅक्सिया असण्याची दाट शक्यता वाटते. आरतीतले शब्द स्पष्ट आले, याचा अर्थ स्नायूंचा दुबळेपणा ही मुख्य अडचण नाही. असे असताना केवळ जिभेचा व्यायाम करणे म्हणजे खिळ्यांची घरे सापडत नसताना यंत्राला तेल घालत बसणे होय. बोलण्याविना केलेल्या अशा हालचालींमुळे बोलणे सुधारते, याला भक्कम आधार नाही. गिळण्याच्या तक्रारींसाठी त्यातले काही व्यायाम सांगितले जातात, आणि आपल्याला मिळालेला कागद बहुधा सरसकट सर्वांना वाटला जाणारा असावा. वडिलांना पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण तो वेगळा आणि तातडीचा विषय आहे.

आता आरतीविषयी. वर्षानुवर्षे पाठ असलेल्या गोष्टी, म्हणजे आरत्या, पाढे, वारांची नावे, आणि हो, शिव्यासुद्धा, या शब्दागणिक शोधून जुळवाव्या लागत नाहीत. त्या एका साखळीसारख्या ओढल्या जातात. नवे वाक्य रचण्याचे काम बहुतेकांमध्ये मेंदूचा डावा भाग करतो. अशा साखळ्या आणि सूर यांत मात्र उजव्या भागाचा आणि मेंदूच्या आतल्या भागांचा वाटा मोठा असतो, असे मानले जाते. तो भाग वडिलांमध्ये शाबूत आहे. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी ज्या रुग्णाच्या मेंदूचा अभ्यास करून हे शास्त्र पुढे नेले, तो रुग्णही प्रत्येक प्रश्नाला "टॅन" एवढेच उत्तर देत असे आणि त्या नावानेच ओळखला जाई. वडिलांचा "बघा" त्याच जातीचा आहे.

आरती येते म्हणून आरत्याच म्हणून घ्याव्यात, असे अनेक घरांत केले जाते. मन प्रसन्न होते, म्हणून जरूर म्हणाव्यात; परंतु त्या साखळीतला एक शब्द सुटा काढून व्यवहारात वापरता येईल, असे होत नाही. सुराचा उपयोग करून घेणारी जी पद्धत आहे तिला मेलोडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात. १९७३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ती मांडली. तिच्यात परिचित चाल घेत नाहीत, केवळ एक उंच आणि एक खालचा असे दोन सूर घेतात आणि रोजच्या गरजेचे लहान वाक्य त्यांवर बसवतात. समोरासमोर बसावे, वडिलांचा डावा हात आपल्या हातात घ्यावा आणि "पाणी द्या" या वाक्याच्या प्रत्येक अक्षराला तो टेबलावर हलकेच टेकवावा. आधी शब्दांविना केवळ गुणगुणावे, मग दोघांनी मिळून गाऊन म्हणावे. त्यानंतर आपण मध्येच थांबावे आणि उरलेले त्यांना पूर्ण करू द्यावे. ते जमू लागले की आपण एकदा म्हणावे आणि त्यांनी मागाहून म्हणावे. पुढे "काय हवे?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून तेच वाक्य यावे, आणि अगदी शेवटी सूर काढून टाकावा. यातली एकेक पायरी चढायला कित्येक दिवस लागतात. घाईने पुढची पायरी घेतली की सारे कोसळते, म्हणून पहिले काही आठवडे तरी उपचारकाच्या देखरेखीखाली करावे. सरावलेल्या वाक्यांबाबत या पद्धतीचा फायदा अधिक दिसतो. न सरावलेल्या बोलण्यावर तो आपोआप पसरेलच असे नाही. म्हणून वाक्ये निवडताना त्यांच्या दिवसभराच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवाव्यात.

शब्द थोडेबहुत येऊ लागल्यावर क्रियापदाचा व्यायाम सुरू करता येतो आणि मला स्वतःला तो मराठीसाठी फार सोयीचा वाटतो. एक क्रियापद घ्यायचे, समजा "कापणे". कोण कापतो आणि काय कापतो, हे रुग्णाने सांगायचे किंवा चिठ्ठ्यांतून निवडायचे. शिंपी कापड कापतो, न्हावी केस कापतो, आई भाजी कापते. मग कोठे, कशाने आणि कशासाठी, असे प्रश्न वाढवत न्यायचे. एका क्रियापदाभोवती नामांचे जाळे जागे होते आणि कर्त्याप्रमाणे "कापतो", "कापते" असे रूप बदलण्याचा सरावही ओघाने होतो. अशा अडखळत्या वाचाघातात क्रियापदे आणि प्रत्यय हेच बहुधा आधी गळतात.

काळाविषयी. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, हे खरे. सहा महिन्यांनी दार बंद होते, हे खरे नाही. २०१७ मध्ये जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यातल्या सर्व रुग्णांच्या झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेला होता, आणि तरीही आठवड्याला किमान दहा तास याप्रमाणे तीन आठवडे वाचोपचार दिल्यावर त्यांच्या रोजच्या व्यवहारातल्या बोलण्यात सुधारणा आढळली. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ५७ चाचण्या आणि ३,००२ रुग्ण विचारात घेतले होते. वाचोपचारांचा उपयोग होतो, असे त्यातून दिसले, मात्र जास्त तासांचे उपचार मध्येच सोडून देणाऱ्यांचे प्रमाणही अधिक होते. आठवड्यातून एकदा अर्धा तास येणाऱ्या माझ्या रुग्णांना मी स्पष्टच सांगतो की ते येतात त्या अर्ध्या तासात मी घरच्यांना शिकवतो, उपचार उरलेल्या सहा दिवसांत होतात.

डोंबिवलीकरीण

वरच्या उत्तरातले तिसरे ठिकाण, म्हणजे डिसआर्थ्रिया, आमच्या घरी होते, म्हणून लिहिते. माझे यजमान रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. झटका आल्यावर शब्द सगळे येत होते, वाक्येही पूर्ण होती, परंतु तोंडात भाकरीचा घास असताना कोणी बोलावे तसे ऐकू येई. उजवीकडे ओठ नीट मिटत नसल्यामुळे "भाकरी"ची "वाकरी" होत असे, आणि फोनवर तर मुलालाही त्यांचे बोलणे कळेना.

आम्हाला जे शिकवले गेले त्यात वर्णमालेचा मोठा उपयोग झाला. आपली वर्णमाला मुळातच उच्चाराच्या ठिकाणांप्रमाणे लावलेली आहे. क-वर्ग घशाजवळ, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ वळवून, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांनी. आमचे दुखणे प-वर्गात होते, तेव्हा त्याच वर्गाची अक्षरे, मग त्यांची बाराखडी, मग "पापड", "बाभूळ", "भोपळा" असे शब्द आणि मग ती वाक्ये, आरसा समोर ठेवून. केवळ ओठ मिटण्याचा व्यायाम आम्ही केला नाही; ओठ मिटले की आवाज निघालाच पाहिजे, असा आम्हाला शिकवणाऱ्या वाचोपचारक बाईंचा दंडक होता.

दुसरी गोष्ट श्वासाची. पूर्ण वाक्य एका दमात म्हणू पाहत आणि शेवटचे शब्द हवेत विरून जात. म्हणून मी वर्तमानपत्रातली वाक्ये वहीत उतरवून त्यांत तिरप्या रेघा मारत असे. "उद्या सकाळी / दूधवाला आला की / दोनच पिशव्या घ्या." रेघ आली की थांबायचे, श्वास घ्यायचा, पुढे जायचे. बोलताना प्रत्येक अक्षराला टेबलाच्या कडेवर बोट टेकवायचे, म्हणजे वेग आपोआप उतरतो. प्रारंभी त्यांना हे पोरकट वाटले आणि दोन दिवस अबोला धरला. मग मी दर रविवारी एकच उतारा त्यांच्याकडून वाचवून फोनवर ध्वनिमुद्रित करू लागले. पाचव्या रविवारी पहिले मुद्रण त्यांना ऐकवले. त्यानंतर वही तेच काढू लागले.

सरावाची वेळ सकाळची ठेवावी. संध्याकाळी थकवा आल्यावर तोच माणूस निम्मे बोलतो आणि निराश होतो. एकदम तास धरण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे चार वेळा, असे आम्हाला जमले. आणि एक इशारा देते. मध्यंतरी एका खासगी केंद्रात गळ्याला विजेचे सौम्य झटके देणारे यंत्र लावून महिन्याभरात बोलणे पूर्ववत करून देऊ, असे सांगून आमच्याकडून आगाऊ पैसे घेतले गेले. महिना संपला, "वाकरी" तशीच राहिली. भाकरी पुन्हा भाकरी झाली ती वहीमुळेच.

कुर्ल्याहून

विषयाला धरूनच एक शंका आहे. माझ्या आईला दोन महिन्यांपूर्वी झटका आला. तिचे माहेर कुडाळचे, त्यामुळे घरात मालवणी. शाळेत शिक्षिका होती, म्हणून प्रमाण मराठी. शेजाऱ्यांशी हिंदी. आता जे थोडे शब्द येतात ते बहुतेक मालवणी आहेत. उपचार करणाऱ्या ताई मूळच्या उत्तरेकडच्या आहेत आणि त्या हिंदीतून सराव घेतात. याने गोंधळ वाढेल का? शिवाय कुर्ल्याहून आठवड्यातून तीन वेळा टॅक्सी करून जाणे आम्हाला परवडत नाही.

वाचोपचारक, परळ

अनेक भाषा बोलणाऱ्यांमध्ये सर्व भाषा सारख्याच प्रमाणात परतणे, हे सर्वांत अधिक आढळते. परंतु एखादी भाषा पुढे आणि दुसरी मागे, असेही होते. ती बालपणीची असावी की झटक्यापूर्वी सर्वाधिक वापरातली, याविषयी एकोणिसाव्या शतकापासून मतभेद आहेत आणि माझ्या रुग्णांत मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. आईच्या ओठांवर मालवणी येत असेल तर तिच्यातूनच सुरुवात करावी. ताईंना मालवणी येत नसली तरी हरकत नाही. त्यांनी व्यायामाची रचना ठरवावी आणि शब्द आपण पुरवावेत. घरी मात्र कोणी "अगं, नीट मराठीत बोल" असे म्हणू नये. जी भाषा येईल ती त्या क्षणी बरोबर.

खर्चासाठी दोन ठिकाणांची चौकशी करावी. वांद्रे रेक्लमेशन येथे वाचा आणि श्रवणाच्या अडचणींसाठी असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला महाविद्यालयात वाक् आणि श्रवण विभाग आहे. दोन्हीकडे या विषयाचे शिक्षणही दिले जाते. खासगी उपचारक निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नये. दर वेळी प्रवास शक्य नसेल तर एक भेट प्रत्यक्ष आणि पुढच्या भेटी व्हिडिओ कॉलवर, असा मार्ग काढता येतो.

ओघाने एक सांगून ठेवतो. सुधारत चाललेले बोलणे एखाद्या दिवशी अचानक बिघडले, तोंड वाकडे झाले किंवा हात गळाला, तर तो व्यायामाचा थकवा समजून थांबू नका. तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

माहीमकर

हे मी सांगतो आहे आणि माझी नात टंकते आहे. मला झटका येऊन नऊ वर्षे झाली. पहिले वर्ष मला फक्त "हो" म्हणता येई, आणि "नाही" म्हणायचे असले तरीही "हो"च येई, त्यामुळे मला नको असलेली पडवळाची भाजी मी वर्षभर खाल्ली.

लालबागकरांना माझे एवढेच सांगणे आहे की व्यायामाची वेळ आणि जेवणाची वेळ वेगळी ठेवा. माझ्या घरी मला पाण्याचा पेला दाखवून "हे काय? सांगा, मग देतो" असे केले जाई. तहान लागलेल्या माणसाची परीक्षा घेऊ नये. तहान लागली की बोट दाखवून, चित्र दाखवून, कसेही मागू द्यावे, आणि सराव सरावाच्या वेळी करावा. दुसरे म्हणजे, मी शब्द शोधत असतो तेव्हा लोक तो पुरवतात आणि बहुतेक वेळा चुकीचा पुरवतात. मग मला आधी त्यांचा शब्द डोक्यातून काढावा लागतो आणि माझा नव्याने शोधावा लागतो. दहापर्यंत मनात आकडे मोजून थांबावे. तरीही नाही आला तर पहिले अक्षर सांगावे, किंवा वाक्य अर्धे सोडावे, म्हणजे "चहात साखर आणि..." असे. पुष्कळदा तेवढ्याने शब्द सुटतो.

घरात पाहुणे आले की मला आतल्या खोलीत बसवत, तेही करू नका.

लालबागकर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. काकांना वरचा पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वडिलांसाठी जाड ठशाच्या आकड्यांचे मोठे कॅलेंडर घेऊन आले.

नायरला जाऊन आलो. वाचाघात आणि त्याच्या जोडीला अप्रॅक्सिया, असेच निदान झाले आहे. गिळण्याची तपासणी झाली आणि ती ठीक आहे, म्हणून मेणबत्ती आणि चंबू बंद केले. दोन सुरांचा सराव त्यांनी आमच्याकडून करून घेतला आणि सहा वाक्ये ठरवून दिली. घरी आल्यावर मी ती पुठ्ठ्याच्या कार्डांवर मोठ्या अक्षरांत लिहिली. पहिले कार्ड वडिलांपुढे धरले तर ते गाऊ लागण्याऐवजी त्याच्याकडे रोखून पाहत राहिले आणि म्हणाले, "बघा". मला वाटले, पुन्हा तेच. त्यांनी डाव्या हाताने माझ्या खिशातली पेन्सिल ओढली, माझ्या अक्षरावर एक आडवी काट मारली आणि समासात थरथरत्या रेघेने दीर्घ वेलांटी काढून दाखवली. घाईत मी "पाणि" असे लिहिले होते.

कार्ड दुरुस्त केले आणि त्यांचा हात धरून ताल सुरू केला. त्या दिवशी आम्ही ते वाक्य सतरा वेळा म्हटले. अकराव्या खेपेला "पा" आला. "णी" अजून आलेला नाही.